एकोणीस कॅसेटी, चार दुकानं : उतरवण्याच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

माळ्यावरचं खोकं खाली काढलं. आत अकरा कॅसेटी. काहींच्या कव्हरवर आईच्या अक्षरात तारीख आहे, बऱ्याच कोऱ्या. सांगलीच्या काकांनी पाठवलेल्या आठ वेगळ्या पिशवीत आहेत. एकूण एकोणीस. कागदी पट्ट्यांवर क्रमांक लिहून दोऱ्याने बांधले. कॅसेटवर नवीन काहीही चिकटवायचं नाही, असं ठरवलंय.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांच्यासाठी थोडी माहिती. आम्ही १९८४ ते १९९२ न्यू जर्सीत राहिलो. गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, पुण्याला परत आले तेव्हा चौदाची. आजी सांगलीला. तिला मोतीबिंदूमुळे पत्र वाचवत नसे, आणि परदेशी फोन तेव्हा फार महाग. म्हणून आई-बाबा कॅसेट भरून पाठवायचे. ए बाजू आमची. आजी शेजारच्यांच्या टेपवर बी बाजू भरायची आणि कोणी अमेरिकेला जाणारं सापडलं की त्याच्या हाती परत धाडायची. ज्या परत आल्या त्या या अकरा. ज्या आजीकडेच राहिल्या त्या आठ तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्या कप्प्यात पाणी शिरलं.

कॅसेटी लॅपटॉपवर उतरवायचं हे काम आत्ताच का, तर ऑक्टोबरमध्ये दादाचा निरोप आला. तो न्यू जर्सीतच असतो. २० ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजहॅम्प्टनचं केमार्ट बंद झालं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं ते शेवटचं मोठं केमार्ट. आमच्या लहानपणीच्या शनिवारी जायची जी स्वस्त मोठी दुकानं होती, त्यातलं आता एकही उरलं नाही. त्या दुकानांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. फोटो वाढदिवसाचे, बर्फाचे आणि नायगाराचे काढले जात, दुकानाचे कोण काढणार? पण आई कॅसेटवर आजीला दुकानांबद्दल पुष्कळ सांगायची, एवढं मला पक्कं आठवतं.

ऐकण्याआधी मला काय काय आठवतंय ते वहीत लिहून ठेवलं, म्हणजे नंतर ताडून बघता येईल. केमार्टच्या दारातला पॉपकॉर्नचा वास. लाल बाकं. अचानक फिरणारा निळा दिवा आणि त्या दिशेने पळणारी माणसं. टीव्हीवरच्या जाहिरातीतली ‘मिसेस बी’. आमचं आडनावही ब वरून असल्यामुळे ती म्हणजे आपली आईच, असं मला बरेच दिवस वाटायचं. आणि माझा पिवळा कोट. केमार्टवाले मापाने बाह्या कमी करून द्यायचे, म्हणून तो हाती यायला सात-आठ आठवडे लागले होते.

५ जानेवारी

पहिलीच चूक, आणि मोठी. आमचा डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, बाबांनी १९८७ साली कॅल्डर नावाच्या तिथल्या दुकानातून घेतलेला. तळाशी किमतीची चिकटपट्टी अजून आहे, ५९.९९. तिच्या शेजारीच छापलंय : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. भारतात आणल्यावर तो एका जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. तो डबा घर बदलताना आम्ही भंगारात दिला, हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. मी डेकची पिन अॅडॉप्टरमध्ये घालून सरळ २३० च्या बटणावर लावली. दोन सेकंद दिवा लागला, मग जळका वास.

अमेरिकेतून आणलेली कोणतीही जुनी वस्तू लावण्याआधी तळाचा मजकूर वाचा. मी तो वाचला होता. किंमत बघत बसले आणि व्होल्टवर डोळा ठरला नाही.

११ जानेवारी

बुधवार पेठ, तापकीर गल्ली. चौथ्या दुकानात एका काकांनी हो म्हटलं. त्यांनी डेक उघडून आतला ट्रान्सफॉर्मर मोजला, तोच जळला होता. पुढचं सर्किट शाबूत. “ताई, तसलाच अमेरिकेचा कशाला शोधता? आत दोनशेतीसचाच बसवतो, बाहेर जेवढे व्होल्ट हवेत तेवढे मिळाले म्हणजे झालं.” आता डेक थेट आपल्या विजेवर चालतो. ट्रान्सफॉर्मर ४५० रुपये, मजुरी ३५०.

मोटारीचा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. हे बहुतेक जुन्या डेकमध्ये होतं. ते डांबर कॉटन बड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायला मला घरी पाच तास लागले. बोटांना लागलं की दोन दिवस जात नाही, हातमोजे घाला. नवीन बेल्टचं माप काढायला दोरा पुल्यांभोवती गुंडाळला, लांबी मोजली आणि त्याहून साधारण पाच टक्के लहान बेल्ट घेतला. पहिला घेतला तो बरोबर दोऱ्याएवढा होता, तो घसरत होता. ६० रुपये वाया.

अमेरिकेच्या ६० हर्ट्झवरचा डेक इथल्या ५० वर हळू चालेल का, हा प्रश्न मलाही होता. याची मोटार डीसी आहे, त्यामुळे वेगावर परिणाम नाही.

१८ जानेवारी

क्रमांक १ लावली. बाबांचा आवाज आला, “हॅलो, हॅलो, चालू आहे का गं?” आणि सातव्या मिनिटाला डेकने फीत खाल्ली.

दोष माझा. टेप ओढणारं रबरी चाक मी नुसतं पुसलं होतं. ते कडक आणि गुळगुळीत झालेलं; फितीला पकड न मिळाल्यामुळे ती त्यालाच गुंडाळली गेली. सुमारे अकरा सेंटिमीटर फीत चुरगळली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर जाते, म्हणजे सव्वादोन सेकंद गेले. त्यात बाबा कोणाचं तरी नाव घेतायत. आईला दहा वेळा ऐकवलं, तिलाही लागत नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी रबरी चाक बदला. मग जिच्यात काही महत्त्वाचं नाही अशी एक कॅसेट पूर्ण वाजवा. ती नीट वाजली, तरच घरातली लावा. आणि लावण्याआधी दोन्ही दिशांना एकदा पूर्ण गुंडाळून घ्या, तीस-पस्तीस वर्षं चिकटून बसलेले थर सुटतात.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते सव्वादोन सेकंद मला फार लागले. आठवडाभर पुढच्या कॅसेटला हात लावला नाही.

२६ जानेवारी

सुट्टी, दिवसभर वेग बसवण्यात गेला. सगळ्यांचे आवाज किंचित बारीक वाटत होते, पण डेक जास्त पळतोय की आम्हीच तेव्हा तरुण होतो, हे कानाने कळेना.

उपाय कॅसेटमध्येच सापडला. विजेवर चालणाऱ्या टेपवर काही भरलं की विजेची बारीक गुणगुण मागे नोंदली जाते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, भारतात ५० ची. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख, पाहिला. आमच्या बाजूला रेघ ६१.२ वर, आजीच्या बाजूला ५१ वर. दोन्ही बरोबर दोन टक्क्यांनी जास्त. दोन देशांतली दोन यंत्रं सारखीच चुकणार नाहीत, म्हणजे चूक आमच्या डेकची. आणखी चार कॅसेटी तपासल्या, तोच हिशेब. मोटारीच्या मागच्या भोकात बारीक पेचकस घालून केसभर फिरवत ६० आणि ५० वर आणलं.

मध्ये एक घोळ होता. ५० वर एक दुसरी रेघ दिसायची, ती वेग बदलला तरी हलायची नाही. ती कॅसेटमधली नव्हतीच, लॅपटॉपच्या चार्जरमुळे आत्ता घरात तयार होत होती. चार्जर काढून बॅटरीवर काम केलं, गेली.

एकाच फितीच्या एका बाजूला न्यू जर्सीतल्या एडिसन गावची वीज आणि दुसऱ्या बाजूला सांगलीची. संध्याकाळी आईला ती दोन्ही गुणगुणं एकामागून एक ऐकवली. तिला फरक कळला. म्हणाली, “आजीची खालच्या पट्टीत आहे.”

२ फेब्रुवारी

क्रमांक २, ३, ४ पूर्ण उतरवून झाल्या आणि मग लक्षात आलं की डेकवर डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणारं, बटण दाबलेलं राहिलंय. ज्या यंत्रावर कॅसेटी भरल्या त्यात डॉल्बी नव्हतं. अशा कॅसेटी डॉल्बी लावून वाजवल्या की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तिन्ही पुन्हा. साडेचार तास गेले.

पण दुसऱ्यांदा ऐकताना मजकुराकडे लक्ष गेलं. आई बाजारभाव सांगते. खरंच, प्रत्येक कॅसेटवर. दूध किती, तांदूळ कुठून आणला, दादाचे बूट कितीला, आणि मग दुकानांची तुलना. ती अशी की शेजारी बसून आजीच्या हातात याद्या देतेय. क्रमांक २ वर म्हणते, “आई, ब्रॅडलीजमधून तुमच्यासाठी स्वेटर घेतलाय. चौदा डॉलर.” बी बाजूवर आजी : “चौदा म्हणजे किती ते सांगत जा गं.” क्रमांक ३ वर आई : “बाराने गुणायचं.” त्याच कॅसेटच्या मागे आजी : “एकशे अडुसष्ट रुपयांचा स्वेटर! सांगलीत एवढी थंडी पडते का कधी?”

या ‘बाराने गुणा’चा मला तारखा लावायला फार उपयोग होतोय. डॉलर बारा रुपयांच्या आसपास म्हणजे १९८५-८६. क्रमांक ११ वर आई पंचविसाने गुणायला सांगते, म्हणजे जुलै १९९१ च्या अवमूल्यनानंतरची. तुमच्या कॅसेटींवर तारीख नसेल तर भाव आणि रुपयाचा दर कान देऊन ऐका.

क्रमांक ३ वर कॅल्डरच्या नावाची गोष्ट आहे. ऑफिसातल्या बाईंनी आईला सांगितलेली : कार्ल आणि डोरोथी बेनेट या नवराबायकोने १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरमध्ये दुकान काढलं आणि दोघांची नावं जोडून कॅल्डर केलं. आजीला ती फार आवडली. “नुसतं नवऱ्याचं नाही घातलं, बरं केलं. आपल्या गणपती पेठेत असं एक दुकान दाखव मला.”

आता वहीशी ताडून. पॉपकॉर्नचा वास केमार्टचा नव्हता. आई स्पष्ट सांगते की पोरं ब्रॅडलीजच्या दारात पॉपकॉर्नसाठी अडून बसतात. वह्या-पेन्सिली जेम्सवेतून आणलेल्या आहेत, आणि जेम्सवे हे नाव मी वहीत लिहिलंच नव्हतं. चाळीस वर्षं मी ज्याला केमार्ट म्हणत आले, ते चार दुकानं मिळून झालेलं एक दुकान आहे.

८ फेब्रुवारी

क्रमांक ५. ही नोंद लांब होणार.

तांत्रिक भाग आधी. प्रेशर पॅड, म्हणजे फीत हेडवर (तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबणारा तो फोमचा तुकडा, गळून पडलेला. आवाज आत-बाहेर होत होता. स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून तिचा पॅड काढला, याला बसवला. वीस मिनिटांचं काम. आवाज तरी बोथट, म्हणून हेडचा तिरकेपणा बदलणारा छोटा स्क्रू हळूहळू फिरवत ‘स’ आणि ‘च’ स्वच्छ होतील तिथे थांबवला. मूळ जागा कुठे होती ते आधी रंगाच्या ठिपक्याने नोंदवा, परत तिथे आणावा लागतो.

मजकूर. १९८६ च्या सप्टेंबरअखेरची असावी, पुढे दसऱ्याची बोलणी आहेत. आई म्हणते :

“थंडीचे कोट घेतलेत दोघांना. म्हणजे अजून घरी नाही आणलेले. इथे केमार्टमध्ये लेअवे म्हणून पद्धत आहे. आपण वस्तू निवडायची, ते ती मागे ठेवून घेतात, आपण दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे. सगळे फिटले की वस्तू द्यायची. दोन कोट मिळून ऐंशी डॉलर, आठवड्याला दहा. कपड्यांवर इथे कर नाही, तेवढं बरं आहे. पोरांना सांगितलंय, बाह्या कमी करतायत म्हणून.”

मी थांबवलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

केमार्टमध्ये मापाने बाह्या बेतून देत, ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे. माझ्या मुलीला सांगितली आहे. एवढं स्वस्त दुकान, तरी गिऱ्हाइकाची केवढी काळजी, असं म्हणून सांगितली आहे. दर शनिवारी आम्ही दुकानाच्या मागच्या काउंटरला जायचो, आई पाकिटातून पैसे आणि एक घडी घातलेली पावती काढायची, बाई पावतीवर काहीतरी लिहून परत द्यायची. मी विचारायचे, झाला का कोट? आई म्हणायची, अजून एक बाही राहिलीय.

मग बी बाजू. आजीने सगळं बरोबर ओळखलंय. त्या वर्षी डिसेंबरात आत्याचं लग्न होतं आणि बाबा दर महिन्याला सांगलीला पैसे पाठवत होते. आईने त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आजी म्हणते :

“अगं, ते कोट आधी सोडवून आणा. पोरांचे कपडे दुकानात गहाण पडल्यासारखे नकोत. लग्नाचे पुढच्या महिन्यात पाठवलेत तरी चालेल, मंडपवाल्याशी मी बोलते.”

सोडवून आणा. लेअवे म्हणजे काय ते तिला एका वाक्यात समजलं होतं, फक्त उलट बाजूने.

९ फेब्रुवारी

सकाळी आईला ऐकवलं. ती भाजी निवडत होती, ऐकून झाल्यावरही निवडतच राहिली. मग म्हणाली, “ही कॅसेट परत येईपर्यंत कोट घरी आले होते. थँक्सगिव्हिंगच्या आधीच आणले.”

मी विचारलं, आम्हाला खरं का नाही सांगितलंस? “काय सांगणार होते? तू शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं असतंस.” ते खरं आहे. थोड्या वेळाने तिने आपणहून आणखी सांगितलं. एका शनिवारी दहाऐवजी सहाच डॉलर होते. काउंटरवरच्या बाईंनी सहा लिहून घेतले आणि बोलल्या काही नाहीत. पुढच्या आठवड्यात आईने चौदा भरले. “दिसायला अगदी आपल्या सांगलीच्या नर्सबाई. नाव मात्र विचारायचं राहिलं.”

हे मी फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि क्रमांक ५ च्या फाइलशेजारी ठेवलं. कॅसेटी उतरवताना ज्यांचे आवाज त्यात आहेत ती माणसं हाताशी असतील, तर ऐकवताना त्यांचं बोलणंही टिपून ठेवा. यंत्राला लागला त्याहून या कामाला कमी वेळ लागतो.

२२ फेब्रुवारी ते २ मार्च

पुराच्या आठ. खिडक्यांतून वाळलेला गाळ दिसत होता. अशी कॅसेट चुकूनही डेकमध्ये घालू नका, हेड खरवडून जाईल.

पाच स्क्रूच्या होत्या, त्या उघडल्या. तिघींची कवचं कारखान्यातच चिकटवलेली. त्या सांध्यावर पातळ पातं ठेवून हलकेच ठोकत फोडाव्या लागतात. क्रमांक १२ फोडताना पातं आत गेलं आणि फीत दोन ठिकाणी कापली गेली. कॅसेटसाठीची खास जोडपट्टी मिळते, ती मागच्या बाजूने लावून जोडली. साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद बाहेर येऊन पुढचे थर चिकटवतो. दोन्ही जोड ऐकू येत नाहीत.

धुण्याची पद्धत : फितीचं वेटोळं न सोडता डिस्टिल्ड वॉटरच्या ताटलीत, हलकेच हलवत, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. मला प्रत्येकी सहा-सात पाणी लागली. मग सावलीत, लव नसलेल्या कापडावर, चार दिवस. वाळल्यावर नव्या स्क्रूच्या कवचात.

क्रमांक १३ च्या बाबतीत मी घाई केली. दुसऱ्या दिवशी केस वाळवायचं ड्रायर लांबून फिरवलं. बाहेरच्या फेऱ्यांची कड वळली आणि शेवटची चाळीस सेकंदं खराब झाली. त्यात दादा पाढे म्हणतोय एवढंच कळतं. बाकी कॅसेट चांगली आहे, पण ती चाळीस सेकंदं पुराने नाही, मी घालवली.

९ मार्च

क्रमांक १४. हिची मी सुरुवातीपासून वाट बघत होते, पण ती या आठांत असेल याची खात्री नव्हती.

१९८७, मी नऊ वर्षांची. आजीला निळ्या दिव्याचं सांगून कळेना, म्हणून बॅटरीवरचा छोटा टेप आईच्या पिशवीत घालून मी केमार्टमध्ये नेला होता. ज्यांनी तो दिवा पाहिला नाही त्यांच्यासाठी : एखादा माल पडून राहिला की तिथला माणूस खांबावर लावलेला पोलिसांच्या गाडीवर असतो तसा फिरता निळा दिवा ढकलत त्या मालापाशी न्यायचा, घोषणा व्हायची, आणि दहा-पंधरा मिनिटांपुरती किंमत उतरायची. १९६५ मध्ये इंडियानातल्या एका केमार्टच्या व्यवस्थापकाने ही युक्ती काढली आणि ती देशभर पसरली. १९९१ मध्ये बंद झाली.

वाजवली तर सगळे चिमण्यांसारखे बोलतायत. बॅटरी उतरत आलेली असणार. भरताना टेप हळू फिरला, म्हणून आता वाजवताना पळतो. यात विजेची गुणगुण नाही, म्हणजे २६ जानेवारीची युक्ती चालेना. दोन संध्याकाळी अंदाजाने वेग कमी-जास्त करून पाहिला. बाबांचा आवाज बरोबर वाटला की आईचा चुकायचा.

मग सुरुवातीच्या भागात, आम्ही तिथल्या कॅफेत बसलोय तिथे, मागे एक सलग घरघर सापडली. बर्फाच्या सरबताचं यंत्र. अशी यंत्रं अमेरिकेच्या विजेवर बहुधा १२० हर्ट्झला गुणगुणतात. स्पेक्ट्रममध्ये ती १२९ वर होती. त्या हिशेबाने वेग सात टक्के खाली आणला. वीस मिनिटांनंतर बाहेर पडताना आम्ही पुन्हा तिथूनच गेलो. तोवर तीच रेघ १३४ वर गेलेली, बॅटरी आणखी उतरली होती. म्हणून वेग एकसारखा न बदलता सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू जास्त उतरवत नेला. आणि बाबा बाबांसारखे बोलायला लागले.

काय आहे त्यात? ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतंय. मग वरून घोषणा, “अटेन्शन केमार्ट शॉपर्स”, पुढचे शब्द नीट लागत नाहीत, टॉवेल एवढं कळतं. बाबा म्हणतात, “चला, चला लवकर.” आई म्हणते, “अहो, आपल्याला हवेत का टॉवेल ते तरी बघा.” पळायचे आवाज. मग मी, पिशवीत तोंड घालून बोलल्यासारखी : “आजी, दिवा लागला. निळा आहे. गोल गोल फिरतोय. आता छतावर आलाय. आता बाबांच्या डोक्यावर.”

ही कॅसेट आजीकडेच राहिली, मागची बाजू कोरी आहे. काका म्हणाले, ती आल्यागेल्याला लावून दाखवायची, म्हणून परत पाठवायला तयार नव्हती.

१६ मार्च

दादाशी दोन तास फोन. त्याला सगळ्या फाइली पाठवल्या होत्या. मिसेस बीबद्दल तो म्हणाला, ती ब्रॅडलीजची होती, केमार्टची नव्हे. लाल बाकांवर आमचं भांडण झालं; कॅसेटवर त्याचा पुरावा नाही, म्हणून वहीत प्रश्नचिन्ह ठेवलं.

आम्ही परतल्यानंतरचं सगळं त्यानेच पाहिलंय. तो १९९६ मध्ये शिकायला पुन्हा तिथे गेला, तोवर जेम्सवे बंद झालेलं होतं. १९९९ मध्ये कॅल्डर. २००० च्या नाताळात ब्रॅडलीजने बंद होत असल्याचं जाहीर केलं, पुढच्या वसंतापर्यंत दारं मिटली. कॅल्डरच्या शेवटच्या दिवसांत माल संपल्यावर ते रॅक आणि हँगरही विकत होते. दादाने एक लोखंडी मांडणी घेतली, ती आजही त्याच्या गॅरेजमध्ये आहे. केमार्ट २००२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेलं तेव्हाही त्यांची दुकानं दोन हजारांवर होती, त्यामुळे ते कधी पूर्ण जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. एडिसनजवळच्या अॅव्हनेलचं १६ एप्रिल २०२२ ला बंद झालं, त्याच्या आदल्या आठवड्यात तो मुद्दाम जाऊन आला. ते आमचं केमार्ट नव्हे, आमचं त्याच्या किती तरी आधी गेलं. तरी तो आत मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला. मी विचारलं, कशाला? म्हणाला, “लेअवेचं काउंटर बघायला.”

म्हणजे त्याला माहीत होतं. तो तेव्हा बारा वर्षांचा, पावती वाचता येत होती. माझ्यासमोर त्याने ते कधी काढलं नाही, या फोनपर्यंत.

३० मार्च, गुढीपाडवा

हिशेब. ट्रान्सफॉर्मर आणि मजुरी ८००, बेल्ट दोन मिळून १२०, रबरी चाक २५०, अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर ५४०, रिकामी कवचं दहा ९००, जोडपट्टी ६५०, लॅपटॉपला जोडायचं ध्वनीचं यंत्र ५,२००. एकूण ८,४६०. वेळ साधारण नव्वद तास, त्यातले तीसेक माझ्या चुका निस्तरण्यात. फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेल्या म्हणजे अनकम्प्रेस्ड; तीन प्रती, एक दादाकडे. स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवली आहे आणि मूळ तशीच, कारण आवाज साफ करताना मी एकदा ट्रॉलीची कुरकुरही काढून टाकली होती.

उतरवल्यावर प्रत्येक कॅसेटच्या मागच्या दोन्ही टिकल्या मोडल्या, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही.

सतरा झाल्या. क्रमांक १६ आणि १९ अजून चिकटलेल्या आहेत, गुंडाळताना ताण येतो आणि थर सुटत नाहीत. जोर लावणार नाही. उन्हाळ्याची कोरडी हवा आहे तोवर डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्या आहेत, मेअखेर पुन्हा बघेन. १९ च्या मूळ लेबलवर आजीच्या हातचं मोठं, वाकडं अक्षर आहे : ‘कोटाची’.